दोन मिलिमीटर

४ जानेवारी

भावजी,

दुकानातला कॉम्प्युटर गेल्या आठवड्यापासून रोज सकाळी एक निळी चौकट दाखवतो. ही सिस्टिम जुनी झाली, ऑक्टोबरनंतर तिची देखभाल होणार नाही, नवी घ्या. खाली दोन बटणं आहेत, 'आत्ता घ्या' आणि 'नंतर आठवण करा'. मी रोज 'नंतर' दाबते आणि तो रोज आठवण करतो. शब्दाचा पक्का आहे.

नुसत्या चौकटीचं मी मनावर घेतलं नसतं. पण ज्या पायांच्या दवाखान्याकडून आपल्याला निम्म्याहून जास्त काम येतं, त्यांचंही पत्र आलंय. एक एप्रिलपासून ते रुग्णांच्या पायांची मापं फक्त नव्या सिस्टिमवरच पाठवणार. जुन्या मशीनमधून माहिती चोरीला जाते म्हणे. पायाचं माप चोरून कोणी काय करणार ते मला कळलं नाही, पण पत्राखाली तीन सह्या आहेत.

तुम्हाला माहीत आहे, आपलं बुटांचं दुकान त्या एका प्रोग्रॅमवर चालतं. पायाची मापं घातली की तो बुटाच्या तळाचा आकार कागदावर छापून देतो आणि त्यावरून कटिंग मास्तर काम करतात. प्रोग्रॅम यांनी लिहिला. दोन वर्षांपूर्वी हे गेले, तेव्हापासून त्याच्या आत काय आहे ते सांगणारं इथे कोणी नाही. नवी सिस्टिम घातली आणि तो बंद पडला, तर मी आणि मास्तर एकमेकांकडे बघत बसू.

काय करायचं ते पत्रानेच कळवा. फोनवर मला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेल्या निम्म्याला मी अंदाजाने 'हो' म्हणते.

वहिनी


११ जानेवारी

वहिनी,

तुमच्या 'हो'चा अनुभव घेतलेला आहे, म्हणून पत्रच लिहितो.

माझं मत सरळ आहे. नवी सिस्टिम घ्या. मी इथे दुसरं काही करत नाही. गेल्या वर्षी आमच्या विमा कचेरीतले चारशे कॉम्प्युटर आम्ही बदलले. लोक आधी कुरकुरतात आणि पंधरा दिवसांनी जुनं कसं दिसायचं तेच विसरतात. ऑक्टोबरनंतर जुन्या सिस्टिममध्ये जी भोकं सापडतील ती कोणी बुजवणार नाही. दवाखान्याचं म्हणणं चूक नाही.

तुमच्या प्रोग्रॅमचे दोन भाग आहेत. गणिताचा भाग दादाचा. त्याने तो इतका साधा ठेवला होता की तो कशावरही चालेल. छपाईचा भाग माझा आणि तो नव्या सिस्टिमवर चालणार नाही. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. सुट्टीत तुमच्याकडे आलो होतो आणि मागच्या खोलीत बसून महिनाभरात लिहिला होता. परत गेल्यावर दादाचं कार्ड आलं, एकाच ओळीचं: 'छपाई अगदी बरोबर बसते आहे.' ते कार्ड आणि तो प्रोग्रॅम दाखवून मला पहिली नोकरी मिळाली. हा भाग मी नव्याने लिहून देतो. तेवीस वर्षांत हात थोडा सुधारला असावा.

मात्र काही करण्याआधी सगळ्याची एक प्रत बाहेर काढून ठेवायची. ती कशी काढायची आणि पुढे काय, हे वेगळ्या कागदावर पाठवीन. तो कॉम्प्युटरशेजारी चिकटवा.

तुमचा,
भावजी


२० जानेवारी

भावजी,

तुमचं पत्र मास्तरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "चाललंय ना? मग हात कशाला लावायचा?" मी म्हटलं, दवाखाना काम थांबवेल. ते म्हणाले, "मग लावा." मास्तरांचा सल्ला नेहमी असाच असतो, दोन्ही बाजूंनी घालता येतो.

मी घाई करत नाही त्याचं कारण सांगते. आपली बरीचशी गिऱ्हाइकं म्हणजे ज्यांच्या पायात संवेदना उरलेली नाही अशी माणसं. इतरांना बूट चावला की ती बूट काढतात. यांना कळतच नाही. आपले पोस्टमन आठवत असतील. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी सगळे पोस्टमनच म्हणतात. गेल्या वर्षी दुसऱ्या कुठल्या तरी चपलेतला खिळा घेऊन ते दिवसभर फिरले. घरी आल्यावर मोजा लाल दिसला तेव्हा समजलं. त्यात एक बोट गेलं. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, आणखी एक जखम चिघळली तर पाऊल कापावं लागेल.

तुमच्या चारशे कॉम्प्युटरांवर काही बिघडलं तर लोक तुम्हाला फोन करून भांडतात. इथे दोन मिलिमीटरची चूक झाली तर भांडायला कोणी येत नाही. ते गृहस्थ खुशाल चालत राहतात.

एक विचारते. नवी सिस्टिम पसंत पडली नाही तर जुनी परत आणता येते का?

वहिनी


२९ जानेवारी

वहिनी,

येते. दहा दिवसांच्या आत एका बटणाने, त्यानंतर काढून ठेवलेल्या प्रतीवरून, एखादा दिवस मोडून.

पण तुमचं पत्र दोनदा वाचलं. खरं कारण वेगळं असावं असं मला वाटतं. दादाच्या हातचं जे काही अजून चालतंय ते एवढंच आहे. त्याला धक्का लागू नये असं तुम्हाला वाटत असेल तर मी समजू शकतो. तसं असेल तर जुनं मशीन झाकून तसंच ठेवा, आपण दुसरं आणू.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी स्वतः येतो. दादा गेल्यावर दहाव्या दिवशी निघालो, त्यानंतर येणं राहूनच गेलं आहे.

भावजी


९ फेब्रुवारी

भावजी,

आठवणीसाठी यांचा चष्मा आहे आणि सात छत्र्या आहेत. कॉम्प्युटर अडवून ठेवायची मला गरज नाही. मी पायांबद्दल लिहिलं होतं आणि मला पायांबद्दलच म्हणायचं होतं.

माझं ठरलं आहे. नवी सिस्टिम घेऊ. यांची गणिताची वही या पत्रासोबत पाठवते, तुमचा भाग लिहिताना जवळ असू द्या. अट एकच. प्रत्येक गिऱ्हाइकाचा कापलेला कागदी नमुना आपल्याकडे भिंतीवर खिळ्याला टांगलेला असतो. नव्या छपाईतून निघालेला कागद मी त्या जुन्या नमुन्यावर ठेवून पाहणार. एका केसाचा फरक दिसला तरी जुनी सिस्टिम परत.

मार्चमध्ये याच. मागची खोली झाडून ठेवते.

वहिनी


४ मार्च

भावजी,

तुम्ही आला नाहीत, तुमचा पेनड्राइव्ह आला. कचेरीतली अडचण समजली.

तुमच्या सूचनांचे अकरा मुद्दे भिंतीला चिकटवले आणि प्रत्येकावर पेन्सिलीने खूण करत काम केलं. सहाव्या मुद्द्यावर 'घाबरू नका' एवढंच लिहिलं होतं, त्यावरही खूण केली. मशीन सव्वातीन तास स्वतःशीच काहीतरी करत होतं. मास्तर दर दहा मिनिटांनी दारात येऊन "किती टक्के?" विचारायचे, आत कोणाचं ऑपरेशन चालू असल्यासारखे. बासष्ट टक्क्यांवर ते बराच वेळ अडलं तेव्हा मास्तर खुर्ची घेऊनच बसले.

नवी सिस्टिम बोलघेवडी आहे. जुनी सुरू झाली की मुकाट्याने कामाला लागायची. ही आधी नमस्कार करते, मग बाहेर हवा कशी आहे ते सांगते. खिडकी माझ्यापासून दोन हातांवर आहे.

आता मुख्य. पोस्टमनांचा नवा जोड करायचाच होता. त्यांचा नमुना छापला, भिंतीवरचा त्यांचा जुना कागद काढला आणि एकावर एक ठेवून दिव्यासमोर धरले. छापलेली रेघ जुन्या कागदाच्या कडेवर तंतोतंत बसली. मास्तर म्हणाले, "एकच कागद वाटतोय." आणखी चार जणांचे पाहिले. तेही तसेच.

तेव्हा काम सुरू केलं आहे. हे गेल्यानंतर दुकानात एवढा मोठा बदल पहिल्यांदाच झाला आणि कोणाला इजा झाली नाही.

वहिनी


१० मार्च

वहिनी,

'तंतोतंत' हा शब्द वाचला आणि पत्र बायकोला नेऊन दाखवलं. ती म्हणाली, चारशे कॉम्प्युटर बदललेत तेव्हा एवढा आनंद दिसला नव्हता.

दादाच्या त्या कार्डाची आठवण झाली. ते मी फ्रेम करून कचेरीतल्या टेबलावर ठेवलेलं आहे.

मे महिन्यात नक्की येतो.

भावजी


३ एप्रिल

भावजी,

सगळं ठीक आहे. दवाखान्याची मापं आता थेट मशीनवर येतात.

एक सहज विचारते. बुटाच्या आत जे अस्तराचं चामडं लागतं, त्याची जाडी कुठे धरलेली असते? यांच्या गणितात की तुमच्या छपाईत? घाई नाही.

इथे ऊन वाढलं आहे. पोस्टमन सध्या घरीच असतात.

वहिनी


९ एप्रिल

वहिनी,

अस्तर दोन मिलिमीटर जाडीचं असतं, म्हणून तळाचा आकार पावलापेक्षा सगळ्या बाजूंनी दोन मिलिमीटर मोठा हवा. हे दादाच्या गणितातच धरलेलं आहे. वहीच्या चौथ्या पानावर त्याने लाल शाईने लिहिलंय आणि नवा भाग लिहिताना मी ते नीट पाहून घेतलं. छपाई फक्त आलेले आकडे कागदावर उतरवते, स्वतःचं काही घालत नाही.

तुम्हाला आतलं गणित समजून घ्यावंसं वाटतंय हे वाचून बरं वाटलं. हवं तर पुढच्या पत्रात पूर्ण समजावून लिहितो.

पोस्टमनांना नमस्कार सांगा. लहानपणी माझी मनीऑर्डर तेच आणायचे.

भावजी


२२ एप्रिल

भावजी,

'सगळं ठीक आहे' असं लिहिलं होतं ते खरं नव्हतं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पोस्टमनांच्या सुनेने त्यांचा नवा बूट काढला, तर करंगळीच्या बाजूला बटणाएवढी कातडी सोललेली होती. त्यांना पत्ताच नव्हता. तिला म्हणत होते, या वेळचे बूट छान घट्ट बसलेत. सून बूट घेऊन आली. मी मोजला. दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर अरुंद.

नव्या छपाईवरून केलेले अकरा जोड तोवर बाहेर गेले होते. उरलेले दहा मी दोन दिवसांत घरोघरी जाऊन परत आणले. दोघांच्या पायांवर वळ होते, बाकीचे बचावले. पण त्यानंतरचं माझं वागणं बरोबर नव्हतं. मला वाटलं, चूक तुमच्या छपाईची. तुम्ही ते पत्र बायकोला दाखवलं होतं. तुम्हाला कळवण्याआधी आपणच शोधू म्हटलं. दवाखान्याला सांगितलं मशीन बिघडलंय, काम बंद ठेवलं आणि यात तीन आठवडे घालवले.

तुमचं उत्तर आल्यावर छापलेला कागद पट्टीने मोजला. बरोबर होता. मग कापलेला मोजला. तो चुकीचा होता. तेव्हा मी स्टूल घेऊन मास्तरांच्या टेबलाशी जाऊन बसले. इतकी वर्षं मी पुढच्या खोलीत पाय मोजते आणि तयार बूट घालून पाहते. मधलं काम मी कधी पाहिलंच नव्हतं. मास्तरांनी कात्री घेतली आणि रेघेच्या आत दोन मिलिमीटरवरून सगळ्या आकाराभोवती फिरवली. टेबलावर कागदाची बारीक पट्टी पडली.

"मास्तर, रेघेवरून का नाही कापलं?"

"रेघेवरूनच कापलं."

"मग हे काय?"

त्यांनी पट्टी उचलून पाहिली. कात्री खाली ठेवली.

"साहेबांनी सांगितलं होतं," ते म्हणाले. "धाकट्यांची छपाई सगळीकडून दोनने मोठी येते. अस्तर दोनदा धरलं गेलंय. तर मास्तर, तुम्ही आतून कापा. मी म्हटलं, त्यांना लिहा ना, ते दुरुस्त करतील. तर म्हणाले, नको. बरोबर आहे म्हणून कार्ड टाकून बसलोय. पहिलंच काम आहे त्याचं. पुढच्या सुट्टीत आला की सांगू."

"आणि मग?"

"पुढच्या सुट्टीत त्यांना नोकरी लागली. आले नाहीत. मी कापत राहिलो. तेवीस वर्षं झाली, बाई. कापतोय हे आता डोक्याला कुठे माहीत असतं, हातालाच माहीत."

म्हणजे भिंतीवरचे सगळे कागद मास्तरांनी आतून कापलेले. तुमची नवी छपाई त्यांच्यावर तंतोतंत बसली, कारण ती बरोबर होती. आणि तो बरोबर कागद मास्तरांनी पुन्हा आतून कापला. मास्तर म्हणाले, रेघ कडेवर बसली तेव्हाच समजायला हवं होतं. मी म्हटलं, मीही शेजारीच उभी होते.

हे तुम्हाला कळवावं की नाही यात एक दिवस गेला. मग लक्षात आलं, यांनी जे केलं तेच मी करतेय. म्हणून लिहिलं.

पोस्टमन पलंगावर आहेत. डॉक्टर दर दोन दिवसांनी पट्टी बदलतात. पाऊल राहील की नाही ते अजून सांगत नाहीत.

वहिनी


२८ एप्रिल

वहिनी,

जुना भाग उघडून पाहिला. एकशेबाराव्या ओळीत आहे. दादाच्या गणितातून आलेल्या आकड्यात मी पुन्हा दोन मिळवले आहेत. शेजारी टीपही लिहिली आहे: 'अस्तर विसरू नये.'

कार्ड अजून टेबलावरच आहे, हलवलेलं नाही.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. एवढ्या वर्षांत दादाने त्या प्रोग्रॅमबद्दल मला पुन्हा एकदाही काही विचारलं नाही. मी दोन-तीनदा म्हटलं, सुधारून देतो. तो म्हणायचा, राहू दे, चाललंय. मला वाटलं, माझं काम त्याच्या लेखी एवढंच. मग मीही विचारणं सोडलं, आणि येणंही हळूहळू कमी झालं. तो टाळत होता ते मला दिसलं, पण कशासाठी ते मी उलटं वाचलं.

आता पुढचं. दोन मार्ग आहेत. एक, जुनी सिस्टिम परत घालू. ऑक्टोबरपर्यंत तरी निभेल आणि दवाखान्याशी मी बोलतो. मास्तरांचा हात आणि माझी चूक यांचं इतकी वर्षं जमलेलं आहे. दुसरा, नवी सिस्टिम राहू द्या. मी नवी छपाई मुद्दाम दोन मिलिमीटरने मोठी करून देतो. मास्तरांना काही बदलावं लागणार नाही. या वयात त्यांचा हात बदलायला सांगणं मला बरं वाटत नाही.

तुम्ही म्हणाल तसं. पोस्टमनांचं लगेच कळवा.

भावजी


८ मे

भावजी,

आधी पोस्टमन. जखम कोरडी पडू लागली आहे. काल डॉक्टर म्हणाले, पाऊल राहील. अजून महिनाभर जमिनीवर टेकवायचं नाही. मी त्यांच्याकडे जाऊन सगळं सांगितलं, कोणाचं काय चुकलं तेही. माझे तीन आठवडे धरून. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे एक पत्र तेवीस वर्षं पोचलं नाही म्हणा की." सून म्हणाली, बाबा, तुमच्या पायाचं चाललंय. ते म्हणाले, "पायाचंच बोलतोय."

आता तुमचे दोन मार्ग. जुनी सिस्टिम परत नको आणि छपाईही मोठी नको. मास्तरांच्या जागी उद्या दुसरं कोणी बसलं तर ते रेघेवरून कापेल. त्याला सांगायला मी असेन, तुम्ही असाल, याची खात्री नाही. कागदावर जे आहे ते खरं असलं पाहिजे.

मास्तरांना हे पटलं. त्यांनी लगेच रेघेवरून कापायला घेतलं. हात आपोआप आत जायचा. सात कागद वाया गेले. आठव्याला त्यांनी कात्री ठेवली, चहा घेतला आणि स्वतःच तोड काढली. म्हणाले, "बाई, रेघेच्या बाहेर दोनवर एक तुटक रेघ छापायला सांगा. मी त्या तुटक रेघेला धरून आतून कापीन, म्हणजे कात्री खऱ्या रेघेवर पडेल. माझी पट्टी निघाल्याशिवाय हात थांबत नाही, तर निघू दे तिला." मग म्हणाले, "आणि दोन रेघांच्या मधे लिहायला सांगा की ही पट्टी काढायची आहे. माझ्यानंतरच्याला कोणी सांगायला नको."

मी त्याच्यावर एकच भर घालते. पट्टी का काढायची तेही त्यात येऊ द्या. जागा थोडी आहे, पण तुम्ही बसवाल.

तेव्हा एवढं करून आणा. आणा म्हणते, पाठवा नाही. या वेळी पेनड्राइव्ह एकटा आला तर मी घेणार नाही. पोस्टमनांचे नवे बूट करायचे आहेत आणि माप घ्यायला तुम्ही माझ्याबरोबर त्यांच्या घरी यायचं, असं ते म्हणालेत. त्यांचे शब्द सांगते: "त्या मनीऑर्डरवाल्याला माझा पाय बघू दे एकदा."

कॉम्प्युटर आता निळी चौकट दाखवत नाही. नमस्कार करतो आणि हवामान सांगतो. पुढच्या शनिवारी कोरडं आहे म्हणे. मागची खोली पुन्हा झाडली आहे.

वहिनी